पहाटेची वाघीण आणि १४३ हललेले फोटो: जंगलात कमी उजेडात कसे काढता?

टिटवी

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

डिसेंबरात ताडोब्याला गेले होते. दोन वर्षं ठरवत होतो, एकदाचा योग आला. मोहर्ली गेट, सकाळची सफारी. आत शिरलो तेव्हा सूर्य उगवायचा होता, उघड्या जिप्सीत वाऱ्याने बोटं आखडली होती. पंधरा मिनिटं झाली असतील नसतील, चितळाचा कॉल (धोक्याचा इशारा देणारी हाक) आला, गाइडने हात वर केला आणि गाडी थांबली. डावीकडच्या बांबूतून वाघीण बाहेर आली. रस्त्याच्या मधोमध थांबली, आमच्याकडे बघितलं, पलीकडच्या झाडावर मूत्राचा फवारा मारला आणि गवतात उतरली. सगळं मिळून दोन मिनिटं. मी १४३ फोटो काढले.

घरी येऊन संगणकावर उघडले तर एकही धड नाही. पट्टे एकमेकांत मिसळलेत, डोळ्याच्या जागी पिवळट रेघ. खरं सांगते, रडू आलं.

कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (उजेड टिपणारी चकती छोटी असलेला), सहा वर्षं जुना. लेन्स १५०-६०० मिमी, एफ ५-६.३ (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). ऑटो आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता कॅमेराच ठरवतो) ठेवला होता, पण त्याला १६०० ची मर्यादा घातली होती, कारण त्याच्या पुढे फोटोत दाणे येतात असं वाचलं होतं. बहुतेक फोटोंची नोंद अशी दिसते: ६०० मिमी, एफ ६.३, शटर १/२५ सेकंद, आयएसओ १६००.

मार्चमध्ये पुन्हा बुकिंग मिळालंय. मोठी लेन्स घेणं शक्य नाही, ६०० एफ ४ दहा लाखांच्या पुढे जाते. आहे त्या सामानात काही होईल का?

जुनाकॅमेरा

टिटवीताई, होईल. लेन्सचा विचार डोक्यातून काढा.

आधी एक काम करा. ते १४३ फोटो पुन्हा उघडा, पूर्ण मोठे करा आणि वाघिणीकडे बघू नका, तिच्या पायाजवळच्या गवताकडे बघा. गवताचं पातं दुहेरी दिसत असेल तर तुमचा हात किंवा गाडी हलली. पातं स्वच्छ आणि वाघीण पुसट असेल तर ती हलली आणि शटर अपुरं पडलं. वाघिणीच्या पुढचं किंवा मागचं एखादं पान लख्ख असेल तर फोकस चुकला. तीन रोग वेगळे, तिन्हींचं औषध वेगळं. आपण सगळ्यांना मिळून ‘फोटो हलला’ म्हणतो आणि मग भलतंच काही दुरुस्त करत बसतो.

आता हिशोब. तुमच्या नोंदीवरून त्या वेळी उजेड किती होता ते कळतं. एफ ६.३ आणि १६०० ला १/२५ मिळत होतं. आयएसओ ६४०० केला असता तर त्याच उजेडात १/१०० मिळालं असतं, १२८०० ला १/२००. उभ्या वाघिणीला, हाताखाली नीट टेकू असेल तर, १/१०० चालून जातं. म्हणजे फोटो तुमच्या कॅमेऱ्यात होता, तो १६०० च्या कुंपणाने अडवला.

एफ २.८ ची लेन्स एफ ६.३ पेक्षा साधारण पाचपट उजेड आत घेते. पूर्ण आकाराचा सेन्सर क्रॉपपेक्षा साधारण एक स्टॉप (म्हणजे उजेडाची एक दुप्पट) पुढे असतो. हे फायदे खरेच आहेत, नाकारत नाही. पण ज्याने मर्यादा १६०० वर बांधली आहे, त्याने दोन स्टॉप फुकट घालवलेत आणि तेवढ्यासाठी तो लाखो रुपये मोजायला निघालाय.

मी फिल्मच्या काळातला माणूस. ४०० ची फिल्म १६०० धरून काढायची आणि डेव्हलप करताना वेळ वाढवायची, यालाच आम्ही पुश करणं म्हणायचो. दाणे असे यायचे की रव्यासारखे दिसायचे. पण ते फोटो आजही माझ्या भिंतीवर आहेत. हललेला एकही नाही. दाण्यांखाली चित्र शिल्लक राहतं, हललेल्या फोटोत ते राहत नाही.

टिटवी

काका, रात्री दोन वाजेपर्यंत गवत बघत बसले! ११० च्या वर फोटोंत पाती दुहेरी आहेत. एकोणीस फोटोंत पाती बऱ्यापैकी स्थिर आहेत, पण वाघिणीचे पाय वितळल्यासारखे. उरलेल्यांत मागचा बांबू सुरेख आलाय. म्हणजे मुख्य गुन्हेगार माझा हात.

चंद्रपूरकर

हात एकट्याचा दोष नाही, ताई. जिप्सीचं इंजिन चालू होतं का ते आठवा. चालू इंजिनाची थरथर गाडीच्या सळईतून थेट लेन्समध्ये येते. लेन्स सळईवर टेकवली असेल तर ती थरथर आणखी पक्की पोचली. गाइड किंवा ड्रायव्हरला सुरुवातीलाच सांगून ठेवायचं, ‘दादा, जनावर दिसलं की गाडी बंद करा.’ प्राणी समोर आल्यावर सांगायला गेलं तर आवाज होतो आणि वेळही जातो. बहुतेक ड्रायव्हर आनंदाने करतात. गाडीत सहा जण असतात, त्यांनाही आधीच विनंती करावी की फोटो काढताना उभं राहणं-बसणं नको. एक माणूस मागे बूड हलवतो तेव्हा ६०० मिमीच्या टोकाला भूकंप होतो.

दुसरं, तांदळाची पिशवी. जाड कापडाची रिकामी पिशवी घरून शिवून आणायची, चेन लावलेली. मोहर्लीत किराणा दुकानातून दोन किलो तांदूळ घ्यायचे, त्यात भरायचे आणि पिशवी सळईवर घोडा बसल्यासारखी दोन्हीकडे लोंबती ठेवायची. पूर्ण गच्च भरायची नाही, तीन चतुर्थांश, म्हणजे लेन्स तिच्यात रुतून बसते. तिसऱ्या दिवशी परत जाताना तांदूळ आपण उतरलोय त्या घरी द्यायचे. जिप्सीत ट्रायपॉडला जागा नसते, मोनोपॉड (एकपायी टेकू) सहा जणांत अडचण करतो. पिशवीसारखं साधन नाही.

तिसरं, उजेड कुठे किती आहे हे आधी बघून ठेवायचं. मोहर्लीहून ताडोबा तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला गोंडकालीन दगडी खांब आहेत, ते तुम्ही पाहिले असतील. तो दगड राखाडी आहे, ना काळा ना पांढरा. गेटमधून आत आलात की पहिल्याच खांबावर एक चाचणी फोटो काढा आणि शटर किती मिळतंय बघा. मग बांबूच्या बोगद्यात शिरलात की एखाद्या खोडावर पुन्हा काढा. दोन स्टॉपचा फरक सहज दिसतो. पुढे वाघ दिसेल तेव्हा आकडे डोक्यात तयार असतात, कॅमेऱ्याच्या कुठल्या बटणाला हात घालायचा याचा विचार करावा लागत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जनावर वाचायचं. तुम्ही लिहिलंय की ती मधोमध थांबली आणि नंतर झाडावर फवारा मारला. हे दोन क्षण तुमचे होते. वाघ रस्ता ओलांडण्याआधी बहुतेक वेळा थबकतो. खूण करायला झाडाकडे पाठ वळवून शेपटी वर करतो तेव्हा अंग स्थिर असतं. वास घेऊन ओठ वर करतो तेव्हाही. चालताना बाजूने काढू नका, १/१०० ला पाय पुसले जाणारच. सरळ तुमच्याकडे चालत येत असेल तर पुसटपणा खूप कमी येतो, कारण हालचाल लेन्सच्या रेषेत असते. पाच-सहा फोटोंचे छोटे झपके घ्या. पहिल्या फोटोत बोट दाबल्याचा धक्का असतो, मधले दोन-तीन नीट येतात.

रानभूल

वाचनखूण साठवली. एक भाबडा प्रश्न. फ्लॅश का नाही वापरत? कॅमेऱ्यात असतोच की.

चंद्रपूरकर

नाही. कृपया नाही. अंधाराला सरावलेल्या डोळ्यावर तो झगझगाट पडला की त्या जनावराला काही वेळ नीट दिसत नाही. मागून पिलू येत असेल, पुढे दरी असेल, समोर दुसरा नर असेल, आपल्याला काय माहीत? शिवाय रात्री वावरणाऱ्या प्राण्यांच्या डोळ्यात मागे आरशासारखा थर असतो, त्यामुळे फोटोत डोळ्यांच्या जागी दोन पांढरे दिवे येतात. फ्लॅश बंद करताना आणखी एक गोष्ट बंद करा, फोकसला मदत करणारा छोटा दिवा. तो मेनूत वेगळा असतो आणि बरेच जण विसरतात. अंधारात तो भसकन पेटतो.

जुनाकॅमेरा

फ्लॅशवरून आठवलं. भारतात रानातल्या वाघाचे रात्रीचे फोटो सुरू झाले तेच मुळी फ्लॅशवर. फ्रेडरिक चॅम्पियन नावाचा संयुक्त प्रांतातला (आजचा उत्तर प्रदेश आणि उत्तराखंड) वनाधिकारी होता, १९२० च्या दशकात त्याने वाटेवर तार लावून कॅमेरे बसवले. वाघाचा पाय तारेला लागला की फ्लॅश पेटायचा आणि वाघ स्वतःच स्वतःचा फोटो काढायचा. बंदुकीऐवजी कॅमेरा घ्या असं शिकाऱ्यांना सांगणारा माणूस होता तो, त्याच्याबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. आजच्या व्याघ्रगणनेतले ट्रॅप कॅमेरे हे त्याच कल्पनेचे नातू. पण ते अभ्यासाचं काम. आपण हौशी माणसं, जिप्सीतून फ्लॅश मारायचा अधिकार आपल्याला नाही.

सावली

मला वाटतं तुम्ही सगळे जुन्या काळात अडकलात. आता डिनॉइज आहे, म्हणजे दाणे पुसणारं सॉफ्टवेअर. लाइटरूम या फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२३ पासून एका बटणावर होतं. आयएसओ २५६०० ठेवा, शटर १/१००० ठेवा, घरी येऊन साफ करा. माझे फोटो बघून कुणी ओळखत नाही.

जुनाकॅमेरा

सावली, तुमचं निम्मं पटतं. मीही वापरतो. रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची, न दाबलेली माहिती) असेल तर फार उत्तम काम करतं, त्यामुळे टिटवीताई, जेपेगवर (कॅमेऱ्याने दाबून तयार केलेल्या फोटोवर) असाल तर आजच रॉवर या. पण एक बघा. वाघाच्या वरच्या ओठावर मिशा जिथून निघतात तिथे काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात. २५६०० ला काढलेल्या फोटोत ते ठिपके दाण्यांत बुडून जातात. सॉफ्टवेअर तिथे काहीतरी भरतं, कधी ठिपके जोडून रेघ करतं, कधी पुसून टाकतं. पट्ट्यांच्या कडांचंही तेच. वाघ ओळखला जातो तो पट्ट्यांवरून, प्रत्येकाचे वेगळे. मग ज्या कडा यंत्राने स्वतःच्या मनाने आखल्या, त्या कुणाच्या?

म्हणून मी जरुरीपुरताच आयएसओ वाढवतो आणि डिनॉइज अर्ध्याच्या आत ठेवतो. थोडे दाणे राहू देतो.

आणखी एक चूक सगळेच करतात. आयएसओ कमी दिसावा म्हणून फोटो मुद्दाम काळा काढायचा आणि घरी उजळवायचा. पुष्कळ कॅमेऱ्यांत त्याने सावल्यांतले दाणे जास्तच भडकतात. नीट उजेड घेतलेला ६४०० हा, १६०० ला काढून दोन स्टॉप ओढलेल्यापेक्षा वाईट नसतो, बहुधा उजवाच असतो. आणि काढताना कॅमेऱ्याच्या पडद्यावर विश्वास ठेवू नका. अंधारात पडदा झगमगीत दिसतो, फोटो उजळ आलाय असं वाटतं आणि घरी तो काळाकुट्ट निघतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या काळ्या-उजळ भागांचा आलेख, बघा.

सावली

मिशांचं आत्ता माझ्याच एका फोटोत जाऊन बघितलं. डाव्या बाजूला ठिपक्यांच्या चार ओळी आहेत, उजव्या बाजूला एक सलग पट्टा. काका, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मूळ रॉ उघडून पुन्हा करते.

नैरोबीकर

आम्ही नऊ वर्षं केनियात आहोत, मसाई माराला वर्षातून दोनदा तरी जाणं होतं. इथला फरक सांगतो. मारा विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंश दक्षिणेला आहे, त्यामुळे इथे संध्याकाळ रेंगाळत नाही. सूर्य सरळ खाली उतरतो आणि बघता बघता काळोख. महाराष्ट्रातल्या उन्हाळी तिन्हीसांजेसारखा लांबलेला संधिप्रकाश मिळेल या हिशोबाने पहिल्या वर्षी बसलो आणि चित्त्याच्या पिलांचे सगळे फोटो घालवले. आता सूर्य क्षितिजाला टेकला की लगेच आयएसओ दुप्पट, पाच मिनिटांनी पुन्हा दुप्पट, हे हाताला लागलंय.

माराच्या आसपासच्या खासगी राखीव भागांत रात्रीच्या फेऱ्यांना परवानगी असते आणि तिथे दिव्याला लाल फिल्टर लावतात. त्या उजेडात रंगीत फोटोचा नाद सोडायचा. सगळं लालभडक येतं, ते कृष्णधवल करायचं. मागे मिट्ट काळोख असतो, त्यामुळे ऑटोवर कॅमेरा फसतो आणि सिंहाचं तोंड पांढरंफटक करतो. सगळं मॅन्युअलवर ठेवावं.

तांदळाच्या पिशवीला माझंही अनुमोदन. इथे गाडीच्या उघड्या छतावर तीच टाकतात.

मोहफूल

मी कॅमेऱ्यातली तज्ज्ञ नाही, पण अगदी टोकाच्या अंधाराचा एक अनुभव सांगते. बुद्धपौर्णिमेला वनविभाग पाणवठ्यांवर मचाणावर बसू देतो, ते तुम्हाला माहीत असेलच. मेळघाटात एक रात्र बसले होते. सोबत एक कोरकू वनमजूर. दुपारी चार वाजता चढलो, सकाळपर्यंत उतरायचं नाही, बॅटरी लावायची नाही, बोलायचं नाही.

माझ्याकडे ७०-२०० एफ २.८ आणि छोटा ट्रायपॉड होता. चंद्र वर आला तेव्हा पाणी चकाकायला लागलं, खालचं गवत दिसत होतं, स्वतःच्या हाताची सावली फळीवर पडत होती. वाटलं एवढा उजेड पुष्कळ आहे. प्रत्यक्षात आयएसओ ६४००, एफ २.८ ला अर्धा ते एक सेकंद लागत होता. एवढ्यात जनावर श्वास घेतं तेही नोंदलं जातं.

अकराच्या सुमाराला गवा आला. आधी आवाज नाही, नुसता वास आला, गोठ्यासारखा. मग पाण्याच्या काठावरचा अंधार हलला. त्याने पाण्याला तोंड लावलं तेव्हा ऑटोफोकस नुसता पुढे-मागे फिरत राहिला. मी संध्याकाळीच उजेड असताना काठावरच्या एका दगडावर फोकस करून लेन्सला कागदी चिकटपट्टी लावून ठेवायला हवी होती, ते सुचलं नव्हतं. शेवटी पाण्याच्या लाटांवरच्या चांदण्याच्या चकाकीवर हाताने फोकस केला, कारण ती त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर होती. तेरा फोटो काढले. एकात तो पाणी पितापिता थांबला असावा, कारण शिंगांची कड आणि गुडघ्याखालचे पांढरे पाय स्पष्ट आहेत. बाकी सगळं काळं. पाण्यात लाटांची वर्तुळं एक सेकंदात मिसळून दुधासारखी झालीत.

एका मित्राने तो फोटो मागून घेतला आणि उजळवून पाठवला. दिवसासारखा दिसत होता. गव्याच्या अंगावरची माती दिसत होती, मागची झाडं हिरवी झाली होती. मला तो अजिबात आवडला नाही. मी त्या रात्री हिरवं झाड पाहिलंच नव्हतं.

रानभूल

मोहफूल, हे वाचून अंगावर काटा आला. फोटो असेल तर इथे टाका ना.

मोहफूल

टाकते. काळा दिसेल, पडद्याचा उजेड वाढवू नका.

वाटसरू

दोन बारक्या गोष्टी, कुणी लिहिल्या नाहीत म्हणून. मार्चमध्ये खोलीत एसी लावून झोपाल आणि पहाटे कॅमेरा तसाच बाहेर न्याल तर दमट हवेत लेन्सवर बाष्प धरू शकतं. रात्री पिशवी एसीच्या खोलीबाहेर, सुरक्षित जागी ठेवा. डिसेंबरात उलटं, थंडीतून आल्यावर खोलीत पिशवी लगेच उघडू नका.

बॅटरी थंडीत लवकर उतरते. दुसरी खिशात ठेवा, अंगाच्या उबेत.

टिटवी

मंडळी, परत आले!

वाघ दिसला नाही. चार फेऱ्या, एकदाही नाही. आणि तरी मी इतकी खूश आहे की काय सांगू.

तिसऱ्या दिवशी पहाटे, गेटपासून थोडं आत, मोहाच्या झाडाखाली अस्वल होतं. मोहाची फुलं पहाटे गळतात, त्यांच्यासाठी आलं होतं. ड्रायव्हरदादांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, त्यांनी गाडी लांबच बंद केली आणि ती स्वतःच्या वेगाने घरंगळत येऊन थांबली. पिशवीत दोन किलो तांदूळ, लेन्स तिच्यात रुतलेली. आयएसओची मर्यादा १२८०० वर. झाडाखालच्या खोडावर आधीच चाचणी घेतली होती. अस्वल चौकट भरून काळं दिसत होतं, कॅमेरा त्याला राखाडी करू बघणार हे ओळखून एक्स्पोजर उणे एक केलं, म्हणजे फोटो एक स्टॉप काळा ठेवला. त्याने शटरही थोडं वाढलं. आयएसओ ८०००, एफ ६.३, १/१६०.

फक्त अकरा फोटो काढले. ते खाली मान घालून फुलं वेचत होतं तोवर थांबले. मध्येच डोकं वर करून वास घेतला आणि अंग स्थिर झालं, तेव्हा दाबलं. तीन फोटो स्वच्छ आलेत. नाकावर माती आहे. खालच्या ओठाला मोहाचं एक फूल चिकटलंय, फिकट पिवळं. पुढच्या पंजाची नखं मोजता येतात. दाणे आहेत, ठळक दिसतात. डिनॉइज तीसवर ठेवलं, मग पंधरावर आणलं, मग तसंच सोडलं.

अकराव्या फोटोनंतर कॅमेरा मांडीवर ठेवला. पुढची दहा मिनिटं नुसतं बघत बसले. फुलं ओढून घेताना ते तोंडाने फुर्र फुर्र असा आवाज करतं. हे डिसेंबरात ऐकूच आलं नसतं, तेव्हा माझ्या कॅमेऱ्याचाच खडखडाट चालू होता.

बाबांनी मोठी प्रिंट काढून घेतलीय, बारा बाय अठराची. फोटो खाली देतेय. जागा लिहीत नाही, उगाच गर्दी नको.

चंद्रपूरकर

जागा लिहिली नाहीत, फार बरं केलंत. मोहाच्या दिवसांत गावातल्या बायकाही पहाटे फुलं वेचायला रानात असतात, तेव्हा अस्वलाला गर्दीने बिथरवलं तर त्रास त्यांना होतो.

जुनाकॅमेरा

टिटवीताई, ओठावरचं फूल पाहिलं. शाबास. काळ्या केसांत अजून थोडं राखाडीपण आहे, पुढच्या वेळी अस्वलाला उणे दीड करून बघा. आणि त्या डिसेंबरच्या १४३ मधले एकोणीस ठेवलेत ना? पाय वितळलेले, पण गवत स्थिर असलेले? त्यातला एखादा मला पाठवा, बांबूसकट. बघावासा वाटतोय.